फोनमध्ये ॲप टिकतं कशामुळं? (सोलापूर जिल्हा, पाच एकराच्या आतले शेतकरी)

कोरडवाहू_बार्शी (धागाकर्ता)

शेतकरी मेळाव्यात मांडवाच्या दारातच शे-दीडशे फोनांत ॲप बसवून देतात. मेघदूत (हवामान), दामिनी (विजेचा इशारा), ई-पीक पाहणी, मे २०२५ पासून महाविस्तार (शेतीसल्ला), शिवाय खत-औषधवाल्यांची निराळी. पुढच्या पेरणीला त्यातलं उघडतंय कोण, हे कुणी मोजत नाही. हा धागा त्यासाठी.

आधी घेणं आणि ठेवणं वेगळं धरू, नाहीतर चर्चा भरकटते. घेतात ते बहुतेक कागदापायी. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ ला सुरू झाली. सातबाऱ्यावर पीक चढलं नाही तर नुकसानभरपाईत आणि हमीभावाच्या खरेदीत अडतं, म्हणून ती करावीच लागते. ॲग्रिस्टॅकच्या शेतकरी ओळख क्रमांकाचंही तेच. काम झालं की फोनातली जागा भरते म्हणून ॲप काढून टाकतात, आणि त्यात चूक काही नाही. तहसीलच्या खिडकीवर रोज कोण जाऊन उभं राहतं?

रोज किंवा आठवड्याला जे उघडलं जातं ते एखाद्या ठरावीक निर्णयाला चिकटलेलं असतं. आज फवारू का? गाडी भरू का? मोटर वर काढू का? ज्या ॲपला असा एकही प्रश्न नाही ते दिवाळीपर्यंतसुद्धा राहत नाही.

तेव्हा कोणतं साधन कोणत्या निर्णयाला कामी येतं आणि कुठं फसतं ते लिहा. आकडे द्या, पायऱ्या द्या. भाषणं नकोत.

---

आंबेबहार_सांगोला

डाळिंबापासून सुरू करतो. इथं निर्णय एकच: फवारणी आज की परवा.

मेघदूतवर मागचे दिवस आणि पुढच्या पाच दिवसांचा अंदाज मिळतो, सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. बागायतदार सल्ला फारसा वाचत नाहीत, अंदाजातले तीन आकडे पाहतात: पाऊस, आर्द्रता, वारा. स्पर्शजन्य बुरशीनाशक मारल्यावर निदान चार-सहा तास पाऊस नको, वारा ताशी १५ किलोमीटरच्या आत हवा. हे जुळलं तर पहाटे पंप भरतात. म्हणजे ॲप दिवसातून तीस सेकंद उघडतं, पण हंगामभर उघडतं.

फसतं कुठं? आपला पट्टा पर्जन्यछायेचा. पाऊस तुकड्या-तुकड्यानं पडतो, एका शिवारात ताली भरतात आणि पलीकडं धुरळा उडतो. अंदाज तालुक्याचा असतो. दोनदा फसला की माणूस ॲपवर चिडत नाही, पण पुन्हा उघडतही नाही. म्हणून शिकवणाऱ्यानं पहिल्या दिवशीच सांगावं की ‘३० टक्के शक्यता’ म्हणजे तुमच्या बागेत पडेलच असं नव्हे. हे आधी सांगितलेले लोक टिकतात.

फोटोवरून रोग ओळखणाऱ्या ॲपबद्दल सावध राहा. तेल्याचा ठिपका आणि सर्कोस्पोरा या बुरशीचा ठिपका फोनला सारखाच दिसतो. तेल्या पारखायचा तर पान तोडून उजेडासमोर धरा. तेल्याचा कोवळा ठिपका तेलकट, पाणी भरल्यासारखा आणि आरपार दिसतो, पुढं काळपट होऊन भोवती पिवळी कड येते. फळावर ठिपक्यातून चीर जाते, इंग्रजी वाय अक्षरासारखी. सर्कोस्पोराला ना तेलकटपणा ना चीर. उजेडासमोर धरणं फोटोत येत नाही, तिथंच घोळ. तेल्या जिवाणूजन्य आहे, त्यावर नुसतं बुरशीनाशक मारून पैसे जातात.

निर्यातवाल्यांचं वेगळं आहे. द्राक्षाला ग्रेपनेट आणि डाळिंबाला अनारनेटची नोंद, त्यात कुठलं औषध कोणत्या तारखेला, किती, काढणीआधी किती दिवस थांबले हे सगळं लागतं. वहीपेक्षा फोनात लिहिणं सोयीचं पडतं, कारण तारीख आपोआप पडते आणि वही पावसात भिजते. ते लोक ॲप सोडत नाहीत.

---

लिलावमाळ

बाजारभावाचं उलटं आहे. भाव सगळे बघतात, निर्णय क्वचित बदलतो.

पणन मंडळाच्या साइटवर रोजचा तक्ता असतो: आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर. नवखा जास्तीत जास्तवर बोट ठेवतो. सोलापूर बाजार समितीत कांदा गोण्यांतून येतो, वक्कलवार (मालाच्या एकेका ढिगाला वेगळी) बोली होते आणि वरचा दर दोन-चार वक्कलांनाच मिळतो. बघायचा तो सर्वसाधारण, म्हणजे ज्या दरानं बहुतेक माल गेला तो. आणि एका दिवसाचा नको. आठ दिवसांचा आवकेसकट लिहून काढा. आवक वाढत असताना दर टिकला असेल तर मागणी आहे. आवक वाढली आणि दर ढासळला तर डिसेंबर-जानेवारीत आणखी ढासळायची शक्यता.

हिशोब असा करा. समजा १०० गोण्या, प्रत्येकी ५० किलो, म्हणजे ५० क्विंटल. सोलापूरपेक्षा पुण्याचा सर्वसाधारण दर क्विंटलला ३०० रुपये जास्त दिसतोय. वरकरणी १५,००० फायदा. टेंपोचं जादा भाडं ८,००० धरलं, तिथली हमाली-तोलाई वेगळी, एक मुक्काम आणि वाटेत सुकून-सडून एक-दोन टक्के घट. हातात चार-पाच हजार उरतात, तेही दर रात्रीतून पडला नाही तर. दहा गोण्यांच्या शेतकऱ्याला हे गणितच लागू नाही.

त्यामुळं साइटपेक्षा पट्टीच्या फोटोवर लोकांचा भरोसा जास्त. आडत्याकडची हिशोबपट्टी, नाव झाकून, वजन-दर-हमाली दिसेल असा फोटो गावाच्या ग्रुपवर पडतो. त्यात कटती धरून हातात काय आलं ते दिसतं.

---

हिशोबवही

@लिलावमाळ, तुमच्या म्हणण्याला अभ्यासाचा आधार आहे. २००७ पासून महाराष्ट्रात एसएमएसवर भाव, हवामान आणि पीकसल्ला देणारी पैसे भरून घ्यायची एक सेवा होती, रॉयटर्स मार्केट लाइट. फाफशां आणि मिंटेन या अर्थतज्ज्ञांनी राज्यातल्या १०० गावांत तिची चाचणी घेतली, २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. पिकांत कांदा आणि डाळिंबही होतं. सेवा मिळालेल्यांना मिळालेल्या भावात लक्षणीय फरक सापडला नाही.

माझ्या मते कारण माहितीच्या पलीकडचं आहे. ज्यानं आडत्याकडून उचल घेतलीय त्याचा माल त्याच आडतीत जाणार. ज्याचं औषध कृषी सेवा केंद्रातून ऊसबिल येईपर्यंत उधारीवर आहे, त्याला ॲपनं कितीही चांगलं औषध सुचवलं तरी दुकानदार फळीवरचं देईल तेच तो नेणार. उधारी फिटेपर्यंत माहिती म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं जेवण.

तंत्रज्ञान स्वीकाराच्या अभ्यासात १९८९ पासून दोन शब्द घासून गुळगुळीत झालेत, उपयोग आणि सोपेपणा. पुढं २००१ मध्ये भट्टाचार्जी यांनी मांडलं की वापर चालू राहतो तो आधी धरलेली अपेक्षा पुरी झाली का, यावर. आंबेबहार यांनी ३० टक्क्यांचं सांगितलं ते हेच. माझी भर एवढीच, की छोट्या शेतकऱ्याकडं निर्णय बदलायची मोकळीक आहे का, हे आधी विचारा. मोकळीक नसेल तर सोपं ॲप आणि अवघड ॲप सारखंच.

---

वडाळ्याचा_वाटसरू

लई भारी. मंजे ॲप डाऊनलोड करायच्या आधी उधारी डिलीट करायची 😀

---

कृषी_सहायक_ताई

उधारीचं खरं आहे मालक, पण सगळं तिच्यावर ढकलू नका. आमच्या बाजूनंही घोळ आहेत. मोठा घोळ मापांचा.

सल्ला येतो ‘२ ग्रॅम प्रति लिटर’ किंवा ‘हेक्टरी अमुक किलो’. शेतकरी पंपात मोजतो, एकरात मोजतो. १५ लिटरच्या पंपाला ३० ग्रॅम, २० लिटरच्याला ४० ग्रॅम असं थेट लिहिलं तर संदेश जपून ठेवतात. एक टक्का बोर्डो म्हटलं की लोक बुचकळ्यात पडतात. १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना, दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र, असं लिहिलं की तोच माणूस तो मेसेज वर्षभर डिलीट करत नाही. भाषेचंही तसंच. ‘प्रादुर्भाव आढळल्यास’ ऐवजी ‘कीड दिसली की’ लिहा.

ई-पीक पाहणीत हमखास चुकतं ते असं:

खातेदार निवडला, गट निवडला, की क्षेत्र हेक्टर-आरमध्ये मागतं. माणूस गुंठ्यात विचार करतो. ३० गुंठे म्हणजे साधारण ०.३० हेक्टर. एक एकर, म्हणजे ४० गुंठे, म्हणजे ०.४० हेक्टर. तिथं ३० टाकलं की ॲप अडतं आणि माणूस म्हणतो ‘सर्व्हर डाऊन’.

सोयाबीनमध्ये तूर असेल तर मिश्र पीक निवडा. निर्भेळ सोयाबीन लावलंत तर तुरीच्या हमीभाव खरेदीला सातबाऱ्यावर तूर दिसणार नाही.

फोटो शेतात उभं राहूनच. झाडाखाली, पत्र्याखाली लोकेशन भरकटतं. आधी उघड्यावर दोन मिनिटं नकाशा चालू ठेवा, निळा ठिपका गटात स्थिरावला की मग ॲप उघडा. रेंज नसेल तर माहिती साठवून गावात येऊन अपलोड करा. साठवलं आणि अपलोड केलंच नाही, अशी उदाहरणं ढीगभर.

चूक झाली तर ४८ तासांच्या आत स्वतःला एकदाच दुरुस्त करता येते. म्हणून नोंद झाली की त्याच संध्याकाळी पुन्हा उघडून वाचा. आणि शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

---

भीमातीर_पंढरपूर

नदीकाठाला ही चर्चाच लागू नाही. आमच्याकडं माहिती टिकवायला कुणाला सांगावं लागत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात दोन आकडे प्रत्येकाच्या तोंडी असतात: दौंडचा विसर्ग आणि उजनीचा विसर्ग. दौंडचा आकडा म्हणजे उजनीत येणारं पाणी, उजनीचा म्हणजे आपल्या दारात येणारं. धरण भरत आलेलं असताना दौंड चढलं, की नदीकाठच्या मोटारी आणि पाइप वर घ्यायची तयारी. उशीर झाला तर मोटर गाळात.

क्युसेक कुणाला कळत नाही (१ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर). पण दगडी पूल पाण्याखाली गेला का, हे सगळ्यांना कळतं. ज्या ग्रुपवर आकड्यासोबत पुलाची खूण येते तो ग्रुप लोक म्यूट करत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माढा, करमाळा, मोहोळच्या काठावर हेच प्रकर्षानं दिसलं. भीमेच्या आकड्यांची सवय आहे, सीनेची खूणगाठ कुणाकडं नव्हती.

---

तारजोड

यंत्रांच्या बाजूचं लिहितो. मोबाईल स्टार्टर या धाग्यात कुणी धरला नाही, पण जिल्ह्यात सगळ्यात चिवट टिकलेलं माहितीचं साधन तेच. ‘लाईट आली’, ‘लाईट गेली’, ‘एक फेज नाही’, ‘पाणी नाही, मोटर बंद’ हे चार निरोप. रात्रपाळीची थ्री फेज असेल तर ‘लाईट आली’ या दोन शब्दांसाठी माणूस अर्ध्या झोपेतून उठतो.

बंद पडण्याची कारणं, ज्या क्रमानं तपासावी त्या क्रमानं: स्टार्टरमधल्या सिमचा रिचार्ज संपलेला, सिम अशा नेटवर्कचं जिथं २जी नाही आणि यंत्र २जीचं, पेटीत ओल जाऊन सिमचे पॉइंट हिरवे पडलेले, अँटेनाची वायर उंदरानं कुरतडलेली. कारागीर बोलवायच्या आधी सिम काढून साध्या फोनात घाला आणि मिस कॉल द्या. बहुतेक वेळा कारण तिथंच सापडतं.

जमिनीच्या ओलाव्याचे सेन्सर मात्र काळ्या रानात दगा देतात, आणि त्याचं कारण बसवणाऱ्यानं सांगितलेलं नसतं. काळी जमीन वाळली की भेगाळते. भेग सेन्सरला लागून गेली की कांडीभोवती हवा राहते, सेन्सर ‘कोरडं’ दाखवतो, शेतकरी पाणी वाढवतो, आणि डाळिंबात मर रोगाला आमंत्रण. बसवताना त्याच मातीचा पातळ राडा करून खड्ड्यात ओता आणि कांडी त्यात दाबा. ठिबकच्या तोटीपासून १५-२० सेंटिमीटरवर, एक २० आणि एक ४० सेंटिमीटर खोल. भेगा पडल्या की काढून पुन्हा बसवा. क्षारपड रानात आकडा मुळातच फुगून येतो, तिथं सेन्सरचा आकडा न बघता कालच्यापेक्षा चढला की उतरला एवढंच बघा.

---

आंबेबहार_सांगोला

@तारजोड, मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राचंही सांगा. फळपीक विम्याचा निकाल त्याच आकड्यांवर लागतो. महावेधचं केंद्र महसूल मंडळाला एक, आणि मंडळात गावं कितीतरी.

---

तारजोड

म्हणूनच लोक तो आकडा चिकाटीनं बघतात. ॲप किचकट असलं तरी. पैसे ज्या आकड्यावर ठरतात तो आकडा माणूस शोधून काढतोच. ऊसवाल्यांना कारखान्याचा वजनाचा एसएमएस तसाच.

पावसाचा आकडा वाचताना एक खाच लक्षात ठेवा. हवामान खात्याच्या पद्धतीत पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. अतिवृष्टीची मर्यादा २४ तासांत ६५ मिलिमीटर. पहाटेपासून साडेआठपर्यंत ४० आणि नंतर दुपारपर्यंत ३५ पडला, तर रान वाहून जाईल पण कागदावर दोन दिवस झाले, आणि एकही ६५ ओलांडत नाही. घरच्या साध्या पर्जन्यमापकाची नोंदही साडेआठलाच घ्या, तरच केंद्राच्या आकड्याशी ताडता येते. ती दाव्यात ग्राह्य धरत नाहीत, पण फरक सतत मोठा येत असेल तर केंद्र तपासायला लावायला कामी येते.

केंद्राच्या मापकात बादली उलटायची यंत्रणा असते, बहुतेकांत एक उलटी म्हणजे ०.२ मिलिमीटर. नरसाळ्यात पाचोळा अडकतो, किंवा कुंभारीण माशी मातीचं घर करते. मग धो-धो पावसातही आकडा कासवगतीनं चढतो आणि पाऊस थांबल्यावर तासभर चढतच राहतो. तक्त्यात अशी शेपटी दिसली की समजा नरसाळं तुंबलंय.

---

कोरडवाहू_बार्शी

ज्वारीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मीच लिहितो. मंगळवेढा, बार्शी, उत्तर सोलापूर भागात रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. या महिन्यात ‘पेरणीस योग्य वेळ’ असा एकच मेसेज सगळ्यांना जातो. पण निर्णय जमिनीच्या खोलीवर आहे. ३० सेंटिमीटरपर्यंतच्या हलक्या रानात फुले अनुराधा, ६० पर्यंतच्या मध्यमला फुले सुचित्रा किंवा मालदांडी, त्याहून खोल भारीला फुले वसुधा. बियाणं एकरी ४ किलो, काणी रोग येऊ नये म्हणून किलोला ४ ग्रॅम गंधक चोळून. जो संदेश आधी विचारतो ‘तुमचं रान किती खोल?’ तो लोक पुढं पाठवतात. महाविस्तारसारख्या प्रश्नोत्तराच्या ॲपला हा फायदा आहे, मात्र शेतकऱ्यानं खोली सांगितली पाहिजे. नुसतं ‘ज्वारी कुठली पेरू’ विचारलं तर सगळ्यांना तेच उत्तर.

---

सीमाभाग_अक्कलकोट

अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या बऱ्याच घरांत बोलणं कानडी, शाळा मराठी. लिहिलेला सल्ला वाचतात, पण कामाच्या घाईत नाही. कानडीत एक मिनिटाचा आवाजी निरोप टाकला की बायकांपर्यंत पोचतो. आणि खुरपणी, वेचणी, फवारणीचं पाणी ओढणं बायकाच करतात. सातबाऱ्यावर नाव आणि आधारला जोडलेला नंबर मात्र घरधन्याचा, एसएमएस तिथंच संपतो. गुजरातेत कापूस शेतकऱ्यांसाठी ‘आवाज ओटलो’ नावाची फोनवर बोलून विचारायची सेवा चालवली होती, तिथं सल्ल्यानं औषधांची निवड बदलली. पण त्यासाठी शेतकरी स्वतःच्या खिशातून जेवढे द्यायला राजी होते, ते खर्चाला पुरणारे नव्हते. म्हणजे कुणीतरी पैसे भरत राहिलं तरच आवाज चालू राहतो. किसान कॉल सेंटर (१८००-१८०-१५५१, सकाळी ६ ते रात्री १०) फुकट आहे आणि साध्या फोनवर चालतं, म्हणून २००४ पासून तगलंय.

---

कृषी_सहायक_ताई

खरंय अक्का. ग्रुप टिकवायचा एक साधा नियम सांगते. प्रश्न विचारताना चार फोटो: अख्खं झाड, पान वरून, तेच पान खालून, आणि ठिपक्याशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. सोबत चार ओळी: पीक आणि वय, किती झाडांवर आहे, शेवटची फवारणी कशाची आणि कधी, पाणी कधी दिलं. एवढं नसेल तर उत्तर देत नाही. सुरुवातीला नाराज होतात, महिन्यात सवय लागते. सुप्रभातचे फुलांचे फोटो टाकणाऱ्याला एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा काढायचं. फुलांच्या गर्दीत करप्याचा फोटो हरवतो. आणि उत्तर तारीख घालून द्या. तारीख नसलेला सल्ला तीन वर्षांनी फिरत परत येतो.

---

हिशोबवही

ताई, मग टिकतंय ते ॲप की तुम्ही? २०२४ मध्ये देशभरातली जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद केली, मेघदूत चालू राहिलं. आकडे येतात, पण ‘आमच्या रानात याचा अर्थ काय’ विचारायला माणूस उरला नाही. तुमची बदली झाली की ग्रुपचं काय होतं?

---

कृषी_सहायक_ताई

पहिले दोन महिने फोटो येतात, मग फुलं येतात. म्हणून गावातलीच दोन पोरं आधीपासून ॲडमिन करून ठेवायची, एक बागायतीतला आणि एक कोरडवाहू.

---

वडाळ्याचा_वाटसरू

@तारजोड दादा, चेष्टा बाजूला. मंडळाचं केंद्र ग्रामपंचायतीच्या आवारातच आहे. पाऊस नसताना त्याचा मापक बरोबर आहे का हे बघता येतं का? नरसाळं १६० मिलिमीटर व्यासाचं आहे.

---

तारजोड

येतं, पण ज्याच्या ताब्यात केंद्र आहे त्याला बोलवून, त्याच्या समोरच. तुम्ही ओतलेलं पाणी पाऊस म्हणून नोंदलं जातं. १६० च्या नरसाळ्याला २०१ मिलिलिटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. व्यास २०० असेल तर ३१४ मिलिलिटर. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला टाचणीनं एक भोक पाडा आणि हवा शिरायला बुडाला दुसरं, तेवढंच पाणी मोजून भरा, बाटली नरसाळ्यात उपडी ठेवा. निम्मा तास तरी लागला पाहिजे, भसकन ओतलं तर बादली उलटताना पाणी वाया जातं आणि आकडा कमी येतो. ०.२ च्या मापकात ५० उलट्या यायला हव्यात. ४९ ते ५१ आल्या तर ठीक. ४५ च्या खाली आल्या तर आधी नरसाळ्याची जाळी काढून बघा.